‘काही नाही हो, मानसिक आहे!’

आपल्याकडे हे वाक्य दोन तऱ्हांनी बोललं जातं. डॉक्टर बोलतात ते रिपोर्ट पाकिटात परत घालता घालता. घरचे बोलतात ते दुसऱ्या खोलीत, जरा आवाज खाली आणून. अर्थ दोन्हीकडे एकच, की हिला काहीही झालेलं नाही. आणि ज्या बाईची कंबर त्या क्षणी ठणकत असते (बाप्याचीही असू शकते, पण हे वाक्य बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतं), तिला आता दोन दुखणी होतात. एक कमरेचं आणि दुसरं, कुणी विश्वास ठेवत नाही याचं.

तर मंडळी, आज या वाक्याबद्दल लिहायचंय. मनाच्या वाटेने जुनाट दुखणी कमी करायच्या पद्धतींबद्दल हल्ली खूप बोललं जातं. पुस्तकं आहेत, ॲप आहेत, व्हिडिओंचा तर पाऊस आहे. मला स्वतःला या पद्धतींचा फायदा झालाय, त्यामुळे मी त्यांच्या बाजूची आहे. पण माझ्याच नात्यातल्या एका बाईला याच ‘मानसिक’ शब्दाने जवळजवळ अंथरुणाला खिळवलं होतं. त्यामुळे बाजू घेताना मी थोडं हातचं राखून बोलते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांचा कुकर गॅसवर आहे त्यांनी उठायला हरकत नाही :) दुखणं नेहमी खरं असतं. ते मनाच्या वाटेने कमी झालं म्हणून आधीचं दुखणं खोटं ठरत नाही. आणि ही वाट उपयोगी पडते ती समोरच्याने दुखणं खरं मानलेलं असेल तरच.

खरं तर आपल्या भाषेला हे फार आधीपासून कळलंय. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो. वाईट बातमी ऐकली की हातपाय गळतात. रात्री एक वाजता फोन वाजला की छातीत धस्स होतं. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की काहींना पोटदुखी होते. आणि लाजल्यावर गाल लाल होतात, ते तर समोरच्यालाही दिसतात. ‘तुझे गाल लाल झाल्याचा तुला भास होतोय’ असं आपण कुणाला म्हणत नाही. लाज मनात वाटली आणि रक्त खरोखर गालात आलं, हे सगळ्यांना मान्य असतं. मग काळजी मनात असली आणि पाठीचे स्नायू खरोखर आखडले, मेंदूने वेदनेचा आवाज खरोखर वाढवला, तर आपण लगेच ‘नाटक’, ‘थेरं’, ‘कामाचा कंटाळा’ या शब्दांकडे का धावतो?

आणि दुखण्याला आपल्याकडे शब्द तरी किती! कळ, ठणका, सणक, चमक, उसण, रग, ठुसठुस. प्रत्येकाची जात वेगळी. दुखण्याकडे इतकं बारकाईने बघणाऱ्या भाषेत सगळ्यावर ‘मानसिक’ हा एकच शिक्का मारायचा, म्हणजे जरा आळसच झाला.

आता त्या नात्यातल्या बाईबद्दल. ती माझी मावशी. घरच्यांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते, तिला विचारूनच.

१९९१ साली मावशीच्या पाठीत दुखायला लागलं. त्याच वर्षी तिच्या मोठ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्यामुळे सगळ्यांना कारण आयतंच मिळालं. तालुक्याच्या गावी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. झालं! ‘मनाला लावून घेतलंय’ हे निदान पक्कं झालं. झोपेच्या गोळ्या, टॉनिक, एक शांत, दोन नवस. वजन उतरलं तर ‘चिंतेने वाळली’. संध्याकाळी अंग गरम लागायचं तर ‘विचार करून करून ताप येतो तिला’. सात महिने असे गेले. मग एक दिवस अंगणात चालताना पाय अडखळायला लागले, चप्पल पायातून निसटायची आणि तिला कळायचंही नाही. तेव्हा एका तरुण डॉक्टरने पाठीच्या एकेका मणक्यावर बोट ठेवून हलकेच ठोकून पाहिलं, एका जागी ती कळवळली, आणि त्याने त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. दीड वर्ष गोळ्या घेतल्या. पाय परत आले, पाठीतला बाक मात्र कायमचा राहिला.

मावशी आता ऐंशीला टेकलीय. ती म्हणते, ‘टीबी आहे म्हटल्यावर सगळे घाबरले, मला मात्र हायसं वाटलं. म्हटलं, आता तरी कुणी सोंग म्हणणार नाही.’ गंभीर आजार निघाल्यावर माणसाला हायसं वाटावं, यातच सगळं आलं.

म्हणून माझी पहिली आणि न हलणारी अट ही, की मनाच्या वाटेला लागण्याआधी शरीराची नीट तपासणी झालेलीच असली पाहिजे. आपल्या देशात तर नक्कीच, कारण टीबी आपल्याकडे अजून घराघरात आहे आणि तो फक्त फुप्फुसांचा नसतो. संध्याकाळचा ताप, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, हातापायातली ताकद कमी होणं, बसायच्या जागेचा बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पूर्वी कधी कॅन्सर झालेला असणं, म्हातारपणी किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. यातलं काहीही असेल तर ध्यानबिन बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पहिल्याने उडवून लावलं तर दुसऱ्याकडे जा. पाळीच्या दुखण्याचंही तेच. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं. कितीतरी मुली त्याच्या वेदना वर्षानुवर्षं ‘सगळ्यांनाच होतं, सहन करायचं असतं’ हे ऐकत काढतात. हिस्टेरिया हा शब्दसुद्धा ग्रीक भाषेतल्या ‘गर्भाशय’ या शब्दावरूनच आलाय. बाईच्या दुखण्यावर अविश्वास दाखवायची परंपरा किती जुनी आहे, बघा.

पण तपासण्या झाल्या, काही धोक्याचं निघालं नाही, आणि तरीही दुखतंच आहे, मग? इथे माझी स्वतःची गोष्ट येते.

२०१६ च्या सुमारास माझ्या कमरेत उजव्या बाजूला दुखायला लागलं, ते तीन वर्षं. रक्त तपासलं, एमआरआय झाला. ‘डिस्क बल्ज’, ‘डीजनरेशन’ असे शब्द त्या कागदावर होते. मग काय, सल्ल्यांना तोटा नाही. कुणी म्हणालं गादी सरकलीय, कुणी म्हणालं मणक्यात गॅप पडलाय, नस दबलीय. कमरेचा पट्टा आला. गादी गेली, फळी आली. महानारायण तेल, शेक, वजन लावणं, करंट देणं, सगळं झालं. बादली उचलायची नाही, वाकायचं नाही, जिना चढायचा नाही. तीन वर्षांत मी काचेचं भांडं झाले होते आणि घरातले सगळे मला काचेच्या भांड्यासारखंच जपत होते.

वळण आलं ते एका फिजिओथेरपिस्ट मुलीमुळे. तिने माझं सगळं ऐकलं, तपासलं, आणि म्हणाली, ‘ताई, दुखतंय हे शंभर टक्के खरं आहे. पण दुखतंय म्हणजे दर वेळी आत काहीतरी बिघडतंय, असं नाही.’ पहिलं वाक्य तिने आधी म्हटलं, हे महत्त्वाचं. नुसतं दुसरं म्हटलं असतं तर मी तिथून उठून आले असते.

तिने मला एक वही करायला सांगितली. कधी दुखतं, किती दुखतं, तेव्हा काय चाललं होतं. महिन्याभराने वही वाचली तर गंमतच. दादरहून मडगावला रेल्वेच्या बाकावर नऊ तास बसून गेले होते, कमरेने हूं की चूं केलं नव्हतं. आणि ऑफिसातल्या दर बुधवारच्या मीटिंगला, गुबगुबीत खुर्चीत, वीस मिनिटांत कळा सुरू. रविवारी दुपारी बरी असायचे, संध्याकाळी पाचला ठणका. एका आठवड्यात उजवी बाजू थांबली तर डावी दुखायला लागली! गादी सरकली असेल तर ती काय वार बघून सरकते?

इथे कुणी म्हणेल, बघ, म्हणजे मानसिकच होतं ना! थांबा जरा. याचा अर्थ नीट लावायला हवा, आणि त्यासाठी थोडं विज्ञान.

वेदना म्हणजे जखमेने मेंदूला पाठवलेली तार, अशी आपली समजूत असते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की पाठीच्या कण्यातच एक फाटक असल्यासारखं असतं. खालून येणारे संदेश तिथे अडतात किंवा पुढे जातात, आणि फाटक किती उघडायचं यात वरून मेंदूचाही हात असतो. बारकावे पुढे बदलले, पण संदेश वर जाताना कमी-जास्त होतात ही गोष्ट टिकली. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने पाहिलं, की मोठ्या जखमा झालेले बरेच सैनिक वेदनाशामक मागतच नव्हते. रणांगणावरून जिवंत बाहेर पडलो, हाच अर्थ त्यांच्यासाठी मोठा असावा, असं त्याला वाटलं. याच्या उलट एक प्रसंग १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. एका बांधकाम कामगाराने उडी मारली ती थेट १५ सेंटिमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार. वेदना इतक्या की जरा हलवलं तरी सहन होईना, शेवटी गुंगीचं औषध देऊन खिळा काढला. बूट काढून बघतात तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही! तो माणूस नाटक करत होता का? मुळीच नाही. बुटातून वर आलेला खिळा डोळ्यांनी पाहिल्यावर त्याच्या मेंदूने जे करायला हवं तेच केलं. आणि अपघातात हात गेलेल्यांचा तर तो नसलेला हात दुखतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात एका साध्या आरशाच्या पेटीने, चांगल्या हाताचं प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दाखवून, काही रुग्णांच्या अशा वेदना कमी करून दाखवल्या.

म्हणजे वेदना ही धोक्याची घंटा आहे. आमच्या सोसायटीत एक गाडी आहे, तिच्यावर रात्री मांजर चढलं तरी अलार्म वाजतो. आवाज खोटा नसतो हो, अख्खी इमारत जागी होते! चोर मात्र नसतो. जुनाट दुखण्यात अनेकदा असंच होतं. मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसते. साध्या हालचालीलाही ती धोका समजते. मग माणूस घाबरतो, जपतो, हालचाल थांबवतो, आणि या भीतीनेच घंटा आणखी हळवी होते. आपल्याकडे म्हण आहेच, मन चिंती ते वैरी न चिंती.

हे आता कुणा एकट्यादुकट्याचं मत राहिलेलं नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली अशा वेदनेला ‘नोसिप्लास्टिक’ हे वेगळं नाव दिलं. ऊतींना इजा झाल्याचा किंवा नस दबल्याचा स्पष्ट पुरावा नसतानाही वेदना-यंत्रणेचं कामच बदलल्यामुळे होते ती. २०२० साली त्यांनी वेदनेची व्याख्या सुधारली, आणि तिच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलं, की माणूस आपल्याला दुखतंय असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखायला हवा. मला ही ओळ फार मोलाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तीन महिन्यांहून जास्त टिकणारं आणि दुसऱ्या कुठल्या आजारात न बसणारं दुखणं हा तिच्यात स्वतःच एक आजार म्हणून आलाय. थोडक्यात, ‘काही नाही हो’ म्हणायची सोय आता पुस्तकातही उरलेली नाही.

आणि माझ्या एमआरआयमधले ते भयंकर शब्द? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. ही सगळी कंबर न दुखणारी माणसं बरं का. चाळिशीतल्या साधारण ६८ टक्क्यांच्या डिस्क झिजलेल्या होत्या आणि ५० टक्क्यांच्या फुगलेल्या. विशीतल्यांतसुद्धा ३७ टक्के झिजलेल्या. म्हणजे हे बरंचसं पिकलेल्या केसांसारखं आहे. केस पांढरे झाले म्हणून डोकं दुखत नाही. अर्थात डिस्कमुळे कधीच दुखत नाही असा याचा अर्थ नाही. नस खरोखर दबून पाय लुळा पडायला लागला तर तो मामला वेगळा. पण नुसत्या शब्दांना घाबरून पट्टा बांधून बसायचं कारण नाही, एवढं तरी नक्की.

मन आणि पाठदुखी यांचा संबंध सगळ्यात गाजवला तो न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन सार्नो यांनी. १९९१ साली त्यांचं ‘हीलिंग बॅक पेन’ आलं. दडपलेला राग आणि ताण यांपासून लक्ष हटवायला मेंदू स्नायूंचा रक्तपुरवठा कमी करतो आणि पाठ दुखते, असं ते म्हणायचे. पुस्तक वाचून बरे झाल्याचं सांगणारे असंख्य लोक आहेत. रक्तपुरवठ्याचा सिद्धांत मात्र सिद्ध झाला नाही, आणि वैद्यकीय जगाने त्यांना बराच काळ बाजूलाच ठेवलं. २०१७ साली ते गेले.

त्यानंतर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डरला झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षं पाठ दुखणाऱ्या १५१ जणांचे तीन गट. एका गटाला चार आठवडे ‘वेदना हा धोका नाही’ हे मेंदूला नव्याने शिकवणारी उपचारपद्धत दिली. दुसऱ्या गटाला मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलं, आणि ते मिठाचं पाणीच आहे हे सांगून दिलं. तिसऱ्या गटाचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. शेवटी वेदना गेली किंवा जवळजवळ गेली असं सांगणारे पहिल्या गटात ६६ टक्के, दुसऱ्यात २० टक्के, तिसऱ्यात १० टक्के. वर्षभराने पाहिलं तर फायदा बराचसा टिकलेला होता. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या १२६ वयस्कर माजी सैनिकांवरच्या चाचणीत, दडपलेल्या भावना ओळखून बोलून दाखवायच्या पद्धतीने ६३ टक्के जणांची वेदना निदान ३० टक्क्यांनी कमी झाली. नेहमीच्या मानसोपचार पद्धतीने हे १७ टक्क्यांना साधलं.

आकडे छान आहेत, पण त्यांना देव्हाऱ्यात बसवू नका. बोल्डरमधली माणसं शिकलेली, हिंडती-फिरती, मध्यम वेदना असलेली होती. दिवसभर डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या बाईची पाठ दुखते तेव्हा तिला ‘हा धोका नाही’ हे शिकवण्याआधी घमेलं हलकं करायला हवं. शिवाय पद्धत जितकी साधी, तितका फायदाही माफक दिसतो. २०१६ साली ३४२ जणांवर सजगता-ध्यानाची चाचणी झाली. त्यात सहा महिन्यांनी रोजची कामं करण्यात चांगली सुधारणा झालेले सुमारे ६० टक्के होते, तर नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत ४४ टक्के. फरक आहे, पण चमत्कार नाही.

ध्यानाचा विषय निघाला की आपल्याला इगतपुरी आठवते. तिथली विपश्यना भारतात आणणारे सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातले व्यापारी. मायग्रेनने हैराण झाले होते. देशोदेशीचे डॉक्टर झाले, उपयोग नाही. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी नकारच दिला. डोकेदुखीवरचा उपाय म्हणून यायचं असेल तर येऊ नका, ही विद्या त्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे गोएंका गेले, राहिले, आणि डोकेदुखीही गेली. मला या गोष्टीतला नकार सगळ्यात जास्त आवडतो. कारण ‘गेलं का? कमी झालं का?’ असं दर पाच मिनिटांनी कमरेला विचारत राहणं म्हणजे त्या घंटेपाशी कान लावून बसणंच आहे.

मी काय केलं ते सांगते, पण नुस्खा म्हणून नाही. पट्टा आधी तासाभराने, मग दिवसाने कमी केला. बादली पाव भरून उचलली, मग अर्धी, दोन महिन्यांनी भरलेली. रोज दहा मिनिटं डोळे मिटून दुखणाऱ्या जागेकडे नुसतं बघायचं. कुठे सुरू होतं, कुठे संपतं, गरम आहे की ओढल्यासारखं. घालवायचा प्रयत्न करायचा नाही. आणि लिहिणं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं सगळ्यात अवघड लिहायला लावलं, तर पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बराच लहान दिसला, पण कागद स्वस्त आहे. लिहायचं आणि फाडून टाकायचं.

सार्नोंनी सांगितलेला तो गाडलेला राग मी पुष्कळ शोधला. सापडला नाही. सापडला तो साधा, रोजचा थकवा. बाबांचं आजारपण, ऑफिसातली अनिश्चितता, आणि ‘मी बघते’ म्हणायची सवय. आठ-नऊ महिन्यांनी मी विसरायला लागले की मला कंबर आहे. आजही वर्षातून दोन-तीनदा ती आठवण करून देते. मी घाबरत नाही, मग तीही फार बसत नाही. यातलं नेमकं कशाने काम झालं, हे एका बाईच्या कमरेवरून ठरवता येणार नाही.

आणि म्हणूनच मला एका गोष्टीची चीड आहे. या पद्धतींचा बाजार झालाय. ‘मनात आणलंत तर आठवड्यात बरे व्हाल’ म्हणणारी शिबिरं आहेत. बरं नाही वाटलं तर उत्तर तयार असतं, तुमचा विश्वास कमी पडला. म्हणजे फी तुमची, दुखणं तुमचं आणि खापरही तुमच्याच डोक्यावर. मावशीला जे म्हटलं गेलं त्यात आणि यात फरक काय? तेव्हा ‘सोंग करतेस’, आता ‘बरं व्हायचंच नाहीये तुला’. शब्द इंग्रजी पुस्तकातून आले म्हणून टोमणा उपचार ठरत नाही. औषधं एकदम बंद करा म्हणणाऱ्यापासून तर दोन हात दूरच राहा. काही गोळ्या अचानक थांबवणं धोक्याचं असतं. त्या डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायच्या असतात.

आता थोडं घरच्यांसाठी, कारण तुमच्यातले बरेच जण इथे वाचतात आणि फोनवर प्रतिक्रिया देतात :) आपल्या घरात आत्ताही एकीचे खांदे दुखतायत, एकाचं डोकं. ‘मानसिक आहे’ म्हणू नका. ‘योगा कर’ हेही पहिल्या मिनिटाला म्हणू नका. आधी विचारा, ‘खूप दुखतंय का? कुठे?’ आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. तपासण्या झाल्या नसतील तर सोबत जा. झाल्या असतील आणि काही धोक्याचं नसेल, तर त्यांच्या हातातली पिशवी प्रत्येक वेळी हिसकावून घेऊ नका, थोडी त्यांना उचलू द्या. भाजीला जाताना त्यांनाही बरोबर न्या. आणि दर दिवसाआड ‘आता कसं आहे?’ विचारण्यापेक्षा एखाद दिवशी नाटकाची तिकिटं काढा.

परवा मावशीला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, ‘त्या ठोकून बघणाऱ्या डॉक्टरबद्दल अजून थोडं लिहायला हवं होतंस. त्याने आधी खुर्ची ओढली, बसला, आणि मग विचारलं, सांगा.’

लिहिलं गं मावशी.